'जाहिरात' या शब्दाने खरेपणा जात नाही

समाजमाध्यमांवर स्वतःची ओळख घडवू पाहणाऱ्यांना हल्ली एकच सल्ला सर्रास दिला जातो: खरे दिसा, रील स्वयंपाकघरातच काढा, मेकअप करू नका, बोलताना अडखळलात तरी तो भाग कापू नका. या सल्ल्याच्या मुळाशी खरेपणा ही सादरीकरणाची एक शैली आहे असा गैरसमज आहे. आणि त्यातूनच पुढे, मोबदला घेतल्याचे सांगितले की ही शैली बिघडते, म्हणून तो उल्लेख शक्य तितका झाकावा, ही त्याहून घातक समजूत निघते.

पर्सनल ब्रँड म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या नावाभोवती लोकांच्या मनात साचत गेलेला विश्वास. तिच्या शब्दावर केसांचे तेल विकत घेणाऱ्याला कॅमेरा हलतो की नाही याच्याशी कर्तव्य नसते. ती हे तेल खरोखर वापरते का आणि ते चांगले म्हटल्याबद्दल तिला काय मिळाले, एवढेच त्याला कळायला हवे असते, आणि यातले दुसरे उत्तर तिने स्वतः सांगितल्याशिवाय त्याला मिळण्याचा मार्ग नसतो.

नियमही याच तर्काने चालतात. भारतीय जाहिरात मानक परिषदेने म्हणजे 'ॲस्की'ने 2021 साली, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये, अशा मजकुरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत मोबदला म्हणजे केवळ रोख रक्कम नव्हे. फुकट मिळालेली वस्तू, सवलत, सहल, हॉटेलातला मुक्काम, इतकेच काय, कंपनीशी असलेले नात्याचे वा नोकरीचे संबंधही त्यात येतात. 'पैसे घेतले नाहीत, नुसती बाटली पाठवली होती' ही सबब वारंवार ऐकू येते, पण ती टिकत नाही. आजीच्या आठवणीने सुरू होणाऱ्या 40 सेकंदांच्या रीलखाली, 'आणखी' दाबल्यावर उलगडणाऱ्या डझनभर हॅशटॅगांच्या गर्दीत कुठेतरी 'ॲड' लिहिलेले असेल, तर तो खुलासा नसून लपवाछपवी आहे. ॲस्कीच्या हिशेबाने या रीलवर खुलाशाची पट्टी एक तृतीयांश वेळ, म्हणजे 13 सेकंदांहून अधिक काळ, दिसायला हवी. आणि रील मराठी असेल तर 'जाहिरात' हा शब्द मराठीतच लिहायला काहीच हरकत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात सांगता येतील. पर्सनल ब्रँड ही इन्स्टाग्रामची निर्मिती नव्हे. टॉम पीटर्स यांनी 'फास्ट कंपनी' या अमेरिकी मासिकात 1997 सालीच ही कल्पना मांडली होती. निळी खूण ही विश्वासार्हतेची पावती नव्हे, कारण अलीकडे ती मासिक वर्गणी भरूनही मिळते. सर्वत्र एकसारखे वागणे म्हणजे प्रामाणिकपणा, हेही खरे नाही. माणूस प्रसंगागणिक वेगळा वावरतो हे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1950च्या दशकातच सविस्तर दाखवून दिले, आणि घरचे दुखणे चारचौघांत न सांगणारा माणूस त्यामुळे खोटा ठरत नाही.

दिशाभूल झालीच तर जबाबदारी कंपनीची, ही समजूत मात्र महागात पडू शकते. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खोट्या वा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय पहिल्या खेपेस एक वर्षापर्यंत शिफारशी करण्यास बंदीही येऊ शकते. जाहिरातीतल्या दाव्याची योग्य ती शहानिशा आधी केली होती असे दाखवता आले, तरच त्यातून सुटका होते.