गाडीतलं ऑफिस आणि छोटा ब्लूटूथ स्पीकर: गाणी झकास, मग कॉलवर आवाज फाटका का?

मुंबई–नाशिक महामार्गावर पडघा जवळ आलं की दोन्ही बाजूंना गोदामांची पत्र्याची छपरं दिसायला लागतात. तिथल्या एका गोदामात मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बसवायचं काम माझ्याकडे होतं. घर पुण्यात आणि काम कधी रात्री दोनला तर कधी पहाटे पाचला. लॉज घेऊन उपयोग नव्हता. मग मित्राची ईको घेतली, मागची सीट काढून गादी टाकली आणि तीन आठवडे गोदामाच्या आवारात, ट्रकच्या रांगेशेजारी मुक्काम ठोकला. सोबत लॅपटॉप, पॉवर बँक आणि तळहाताएवढा ब्लूटूथ स्पीकर.

गाण्यांसाठी स्पीकर एकदम मस्त होता. म्हटलं, मीटिंगपण यावरच करू. माइक आहेच की त्यात! तिथेच फसलो.

एका रात्री कॉलवर मी सांगितलं, "माल एफ-12 मध्ये लावा." पलीकडे ऐकू आलं "एस-12". दोन्ही रांगा खरोखर होत्या, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. सिस्टीममध्ये एफ आणि प्रत्यक्षात माल एस मध्ये! सकाळी ट्रक भरायला लागला आणि माल सापडेना. माथाडी कामगारांनी पन्नासेक पॅलेट पुन्हा हलवले. माझ्या एका अक्षरापायी त्यांची अख्खी सकाळ गेली. कुणी मला काही बोललं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आधी नेटवर्कला शिव्या घातल्या. मग लॅपटॉपवर उबंटू आहे म्हणून साउंड सेटिंग उघडून बघितलं. स्पीकरच्या नावापुढे लिहिलं होतं: एचएफपी, सीव्हीएसडी. चूक नेटवर्कची नव्हतीच.

एकच स्पीकर, दोन अवतार

ब्लूटूथमध्ये आवाज पाठवायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, त्यांना प्रोफाइल म्हणतात. गाणी ऐकताना ए2डीपी चालतं. यात आवाज एकाच दिशेने जातो, फोनकडून स्पीकरकडे. सगळी जागा त्याच कामाला मिळते, त्यामुळे नेहमीच्या एसबीसी कोडेकवरही सेकंदाला साधारण 328 किलोबिटपर्यंत डेटा जातो.

स्पीकरचा माइक चालू झाला की आवाज दोन्ही दिशांनी न्यायचा असतो, तोही उशीर न होता. ए2डीपीला ते जमत नाही. मग जोडणी एचएफपी, म्हणजे हँड्स-फ्री प्रोफाइलवर उडी मारते. इथे जुना कोडेक म्हणजे सीव्हीएसडी. तो सेकंदाला आवाजाचे फक्त 8,000 नमुने घेतो. नियम असा की जितके नमुने, त्याच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीपर्यंतचाच आवाज पकडता येतो. म्हणजे 4,000 हर्ट्झच्या वरचं सगळं गायब.

आता "एफ" आणि "एस" मोठ्याने म्हणून बघा. सुरुवातीचा "ए" दोन्हीत तोच. फरक आहे तो शेवटच्या फुसफुशीत आणि सळसळत्या हवेत, आणि त्यातला बराचसा भाग 4,000 हर्ट्झच्या वर असतो. तेवढाच कापला गेला तर समोरच्याने ओळखायचं कसं?

2011 मध्ये आलेल्या एचएफपी 1.6 मध्ये एमएसबीसी नावाचा कोडेक जोडला गेला. तो 16,000 नमुने घेतो, त्यामुळे बोलणं बरंच स्पष्ट होतं. पण फोन किंवा लॅपटॉप आणि स्पीकर, दोघांनाही तो यायला हवा. माझ्या स्पीकरला येत नव्हता. खोक्यावर "ब्लूटूथ 5.0" छापलंय म्हणून तो असेलच असं नाही. मीही तोच आकडा बघून घेतला होता.

मग उपाय काय?

लॅपटॉपवर सोपं आहे. मीटिंग ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा आणि आवाजासाठी ब्लूटूथ स्पीकर. स्पीकरचा माइक मागितलाच नाही, तर तो ए2डीपीवरच राहतो. काही लॅपटॉपवर एकाच स्पीकरची दोन नावं दिसतात, एक "स्टिरिओ" आणि एक "हँड्स-फ्री". तिथे स्टिरिओ घ्या.

यात एक भानगड आहे. ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोचतो, बऱ्याचदा सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही जास्त. तो लॅपटॉपच्या माइकमध्ये शिरला की समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येऊ शकतो. ॲप हा प्रतिध्वनी काढायचा प्रयत्न करतं, पण ईकोसारख्या पत्र्याच्या डब्यात आवाज चहूकडून आपटतो आणि त्याचंही डोकं चालेनासं होतं. मी स्पीकर डॅशबोर्डवरून उचलून डोक्यामागे, उशीशेजारी ठेवला आणि आवाज निम्मा केला. कानाजवळ आल्यामुळे कमी आवाजातही नीट ऐकू येतं.

फोनवर ही युक्ती सहसा चालत नाही. अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथ सेटिंगमध्ये स्पीकरच्या नावाशेजारच्या चाकावर टॅप केलं की "फोन कॉल" आणि "मीडिया ऑडिओ" अशी दोन बटणं दिसतात. मी "फोन कॉल" बंद ठेवलंय. गाणी स्पीकरवर, कॉल फोनवर. आणि ज्या कॉलमध्ये आकडे किंवा कोड सांगायचे असतात, तिथे सरळ वायरवाला इअरफोन. दिसायला जुनाट, पण त्याला ना प्रोफाइल ना उशीर.

आवाज मध्येच तुटत असेल तर हॉटस्पॉट तपासा. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं आणि फोनचा हॉटस्पॉटही त्याच पट्ट्यात असला तर दोघांची धक्काबुक्की होते. हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्झवर टाकल्यावर माझा त्रास जवळजवळ संपला.

चार्जिंगची चिंता फारशी नको. 2,000 एमएएचचा स्पीकर म्हणजे 3.7 व्होल्टला 7.4 वॉट-अवर, तर लॅपटॉपची बॅटरी सहज 50 च्या आसपास असते. गाडीच्या 12 व्होल्ट सॉकेटमधला यूएसबी चार्जर पुरतो. त्यासाठी इन्व्हर्टर लावून 12 चे 230 आणि 230 चे पुन्हा 5 व्होल्ट करत बसू नका, मध्ये वीज फुकट जाते. मात्र उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेखाली स्पीकर चार्जिंगला ठेवू नका. लिथियम-आयन बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करायची नसते. (आणि हो, बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.)

रात्रीचा मुद्दा वेगळाच. पहिल्या आठवड्यात साडेअकराला गाणी लावून कोड लिहीत होतो, तर शेजारच्या ट्रकमधले ड्रायव्हर काका काचेवर टकटक करून म्हणाले, "भाऊ, आवाज नाही, ती धडधड बंद करा. चारला निघायचंय." मला वाटत होतं आवाज अगदी बारीक आहे. पण स्पीकर पत्र्यावर ठेवला होता आणि बेसमुळे पत्राच थरथरत होता. तेव्हापासून खाली घडी केलेला टॉवेल आणि इक्वलायझरमध्ये बेस कमी. रात्री 10 ते सकाळी 6 साठी 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांतही निवासी भागाची मर्यादा 55 वरून 45 डेसिबलवर येते. गोदामाचं आवार निवासी भाग नसेलही, पण काका तर तिथेच राहत होते ना.

नवीन स्पीकर घेणार असाल तर एलई ऑडिओ आणि एलसी3 हे शब्द शोधा. त्यात बोलण्यासाठीही जास्त नमुने घेता येतात. तुमच्या फोनला ते चालतं का, हे आधी बघा, नाहीतर पैसे देऊन पुन्हा जुन्याच एचएफपीवर याल. मी अजून घेतलेला नाही. सध्या कॉलवर "एफ फलटणचा, एस साताऱ्याचा" असं सांगतो. गोदामातले सगळे आता तसंच बोलतात.