बिलबुक संगणकावर मांडताना

सूरह बकराची २८२वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. रक्कम लहान आहे म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशीही तिची ताकीद आहे. आपले व्यापारी बांधव लिहितात. पण ज्या कागदावर लिहायचे तो कागदच चुकीचा छापलेला असला तर?

पूर्वी गिरगाव-परळच्या छापखान्यांत कंपोझिटर खिळे जुळवून बिलबुक मांडायचा. आता दुकानदाराचा मुलगा घरी एक्सेल किंवा कोरलड्रॉमध्ये फॉर्म तयार करतो आणि पेनड्राइव्ह दादर-लालबागच्या प्रेसमध्ये देतो. खर्च वाचला, पण प्रूफ तपासण्याची जबाबदारीही घरात आली.

सर्वांत महाग पडते ती जीएसटी क्रमांकातली चूक. क्रमांक १५ अक्षरांचा असतो. महाराष्ट्रात सुरुवातीला २७, मग पॅनची दहा अक्षरे: पाच अक्षरे, चार अंक, पुन्हा एक अक्षर. हा क्रम ध्यानात ठेवला की शून्याच्या जागी 'ओ' पडला आहे का ते लगेच कळते. चुकीच्या क्रमांकाच्या बिलावर खरेदीदाराची करवजावट अडकू शकते, आणि असा गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. कंपोझिशन योजनेत असाल तर 'टॅक्स इन्व्हॉइस' छापूच नका. तुमचे ते 'बिल ऑफ सप्लाय'.

खरेदीदाराच्या क्रमांकासाठी नुसती रेघ न ठेवता १५ चौकोन आखावेत. प्रत्येकी ५ मिलिमीटर धरले तर ७५ मिलिमीटर लागतात, म्हणजे ए-फाइव्ह कागदाची निम्मी रुंदी. ही जागा आधी काढावी आणि मगच दुकानाचे नाव किती मोठे करायचे ते ठरवावे. आपल्याकडे नेमके उलटे होते! हाताने लिहायच्या ओळी ८ मिलिमीटरच्या असाव्यात. डावीकडे शिलाईला आणि छिद्ररेषेला २० मिलिमीटर मोकळे सोडावे.

बिल क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. कोरलड्रॉच्या प्रिंट मर्जने क्रमांक आपोआप पडतात. एका ए-फोर कागदावर दोन बिले असतील तर पहिल्या कागदावर ००१ आणि ००२ घेऊ नका. शंभर बिलांसाठी पहिल्या कागदावर ००१ आणि ०५१, दुसऱ्यावर ००२ आणि ०५२ असे घ्या. कापल्यावर दोन गठ्ठे क्रमाने तयार मिळतात, हाताने लावत बसावे लागत नाही. एक्सेलमधून क्रमांक घेत असाल तर तो रकाना आधी 'टेक्स्ट' करा, नाहीतर पुढची शून्ये उडतात. मालाच्या बिलाला तीन प्रती लागतात, सेवेच्या बिलाला दोन. पांढऱ्या, गुलाबी आणि पिवळ्या कागदावर तोच क्रमांक पडला आहे ना, हे गठ्ठा बांधण्यापूर्वी पाहावे.

मदरसा किंवा ट्रस्टच्या पावतीवर नाव उर्दूतही लागते. मग उर्दू इनपेजमध्ये, मराठी श्रीलिपीत आणि जोडणी कोरलमध्ये. प्रेसकडे तो फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. म्हणून प्रेसला द्यायच्या फाइलमध्ये सर्व मजकूर 'कर्व्ह्ज' करून द्यावा आणि मूळ फाइल वेगळी जपावी, कारण कर्व्ह्ज केलेल्या मजकुरात पुढच्या वर्षी बदललेला फोन नंबरसुद्धा टाइप करून दुरुस्त करता येत नाही.

छापील फॉर्मवर प्रिंटरने मजकूर भरायचा असेल तर 'फिट टू पेज' बंद करून शंभर टक्के आकार ठेवावा. पहिली प्रत कोऱ्या कागदावर काढून ती छापील फॉर्मवर ठेवावी आणि खिडकीच्या उजेडात धरावी. ओळ सरकली असेल तर तिथेच दिसते.