सोडून दिलेल्या एडिटरची राखण

पहाटे ५.३०, नांदेड

शनिवार. चहाला आधण ठेवून लॅपटॉप उघडते. अमेरिकेत अजून शुक्रवारची संध्याकाळ असते, त्यामुळे तिकडच्या स्वयंसेवकांनी दिवसभरात काय केलं ते या वेळी ताजं ताजं वाचायला मिळतं.

कोड लिहायच्या ज्या एडिटरसाठी मी वेळ देते त्याचं नाव पल्सर. त्याचं मूळ अ‍ॅटम. गिटहबने २०१४ मध्ये आणलेला हा एडिटर वेबसाइट बनवणाऱ्यांचा लाडका होता. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतलं. ८ जून २०२२ रोजी अ‍ॅटम बंद होणार असं जाहीर झालं आणि १५ डिसेंबरला त्याच्या कोडला कुलूप लागलं. पण परवाना एमआयटीचा, म्हणजे कोड कुणीही उचलून पुढे चालवावा. मूठभर लोकांनी तो उचलला आणि त्यातून पल्सर झाला. अ‍ॅटमची पॅकेजं, म्हणजे जोड-सोयी, ज्या सेवेवरून मिळत ती सेवाच जाणार होती, म्हणून त्यांना आधी नवं कोठार उभं करावं लागलं.

सकाळचं माझं काम साधं आहे. आलेली तक्रार वाचायची आणि विचारायचं: आवृत्ती कोणती? ऑपरेटिंग सिस्टीम कोणती? सेफ मोडमध्ये, म्हणजे वरून घातलेली पॅकेजं बंद ठेवूनही, तसंच होतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की दोष एडिटरचा की पॅकेजचा, हे बहुतेक वेळा कळतं. एक ओळ कोड न लिहिता दुसऱ्या कुणाची अख्खी संध्याकाळ वाचते.

सकाळी ७.००, एसटी

आठवडाभर नांदेडला वेबसाइटची कामं, शनिवारी लातूरला वर्ग. लोहा, अहमदपूर, चाकूर करत साडेतीन तास जातात. वाटेत रेंज येते-जाते, पण बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या गिटला इंटरनेट लागत नाही. बदल करायचा, नोंद करायची आणि लातूरला उतरल्यावर सगळं एकदम वर चढवायचं.

आज समोर आहे एक बेवारस पॅकेज. एडिटरच्या खालच्या पट्टीत अक्षरांची संख्या दाखवणारं. मूळ लेखक कधीच दुसऱ्या कामाला लागलेला. कोड कॉफीस्क्रिप्टमध्ये आहे. अ‍ॅटमचा सुरुवातीचा बराचसा कोड याच भाषेत होता. आजच्या पोरांनी ती पाहिलेलीही नसते, त्यामुळे मदत करायची इच्छा असली तरी हात घालता येत नाही. म्हणून आधी एकेक फाइल साध्या जावास्क्रिप्टमध्ये आणायची. वागणं तसूभरही बदलायचं नाही. आड आटला म्हणून कुणी लगेच बुजवत नाही, आधी गाळ काढून बघतात. हे काम तसलंच आहे.

सकाळी १०.४५, लातूर

लॅबमध्ये पहिल्या वर्षाची मुलं-मुली. याच एडिटरवर शिकवते, कारण तो आतून वेबपेजच आहे: एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट. इलेक्ट्रॉन नावाच्या ज्या चौकटीवर तो उभा आहे, ती मुळात अ‍ॅटमसाठीच बांधली गेली होती. कंट्रोल, शिफ्ट आणि आय दाबलं की एडिटरचंच पोट उघडतं. स्टाइलच्या फाइलमध्ये एक रंग बदलला की समोरचा एडिटर बदलतो. शिकलेल्या गोष्टीनेच आपलं हत्यार घडवता येतं, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की मुलांचे प्रश्न बदलतात.

दुपारी १२.३०

अक्षरं मोजणाऱ्या पॅकेजवर आता सगळ्यांनी मिळून बसायचं. एक मुलगी एडिटरमध्ये ‘नांदेड’ लिहिते.

“मॅडम, सहा दाखवतंय. अक्षरं तर तीनच आहेत की.”

“आता लातूर टाक.”

“पाच!”

फळ्यावर फोड मांडते. न, काना, अनुस्वार, द, मात्रा, ड. संगणकाच्या लेखी ही सहा चिन्हं. लिहिणाऱ्याच्या लेखी नां, दे, ड. पॅकेज लिहिणाऱ्याने सरळ चिन्हांची लांबी घेतली होती. इंग्रजीत ते चालून जातं. मराठी मथळ्याला अक्षरांची मर्यादा पाळायची असेल, तर तो आकडा कुचकामी ठरतो.

जावास्क्रिप्टमध्ये सेगमेंटर नावाची सोय आहे. ती मजकूर चिन्हांऐवजी अक्षरगटांत तोडते. ती लावली आणि दोन्ही शहरं तीनावर आली. मग मागच्या बाकावरून एकाने ‘अर्धापूर’ सुचवलं आणि खरी अडचण वर आली. जुन्या नियमाने र् आणि धा वेगळे मोजले जातात, म्हणून गट पाच. जोडाक्षर एकत्र ठेवण्याचा नियम युनिकोड या लिपी-संकेतांच्या मूळ प्रमाणात २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला. त्याप्रमाणे अ, र्धा, पू, र असे चार. एडिटरच्या पोटातलं इंजिन कोणता नियम पाळतं, त्यावर उत्तर ठरणार. म्हणून तिन्ही गावांची नावं चाचणीत घातली. पुढे कुणी काही बदललं आणि गणित बिघडलं, तर चाचणीच ओरडेल.

दुपारी २.००

मेसमध्ये भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी.

दुपारी २.३०

कागदपत्रं. मूळ लेखकाला पत्र पाठवून बरेच दिवस झाले, उत्तर नाही. परवाना परवानगी देतो, तेव्हा आमची वेगळी प्रत चालू करायची. त्याच्या नावाची आणि परवान्याची फाइल मात्र जशीच्या तशी राहणार. एमआयटी परवान्याची तेवढीच अट आहे आणि मुलांना मी ती पहिल्या दिवशी सांगते. मग माहितीची फाइल: पॅकेज काय करतं, कसं बसवायचं, चाचणी कशी चालवायची. नवा माणूस पहिल्या तासात अडला तर परत येत नाही.

दुपारी ४.००

एक जण विचारतो, “मॅडम, एवढे चांगले फुकट एडिटर असताना हा कशाला जगवायचा?”

मी त्याला ब्रॅकेट्सचं सांगते. अडोबीचा तोही मुक्त एडिटर, वेबसाठीच केलेला. १ सप्टेंबर २०२१ ला कंपनीने हात काढून घेतला. आज फुकट मिळणाऱ्या एडिटरच्या मागे जी कंपनी आहे, तिची दिशा उद्या बदलू शकते. तेव्हा कोड मोकळा असणं पुरत नाही, तो उघडून दुरुस्त करणारी माणसं असावी लागतात. ती माणसं अशा जुन्या घरातच तयार होतात. नव्या चकचकीत प्रकल्पात नवख्याला सहज हात घालता येईल असं काम मिळणं अवघड. इथे ते आज दुपारी मिळालं.

रात्री ९.००, नांदेड

युरोपात दुपार सरत आलेली असते. बदल तपासायला पाठवला. लिनक्स, विंडोज आणि मॅक अशा तिन्हींवर चाचण्या आपोआप चालतात. तपासणाऱ्याने एकच सूचना केली: चाचणीशेजारी दोन ओळींत लिहा की या शब्दांची अक्षरं किती आणि का, कारण वाचणाऱ्याला देवनागरी येत असेलच असं नाही. सूचना रास्त. लिहून टाकलं.

रात्री १०.१५

शेवटचं काम मला आजचं सगळ्यात मोलाचं वाटतं. पॅकेजची नवी आवृत्ती प्रसिद्ध करायचा हक्क लातूरच्या दोन विद्यार्थिनींच्या खात्यांना दिला. आधीचं पॅकेज बेवारस झालं ते कोड वाईट होता म्हणून नव्हे. सगळी सूत्रं एकाच माणसाकडे होती आणि तो निघून गेला. स्वयंसेवक थोडे असतील तर त्यांनी जास्त राबावं हा उपाय नाही. आपण उद्या नसलो तरी काम अडणार नाही, एवढी सोय प्रत्येकाने करून ठेवायची. पुढच्या शनिवारी आवृत्ती त्या दोघी काढतील, मी शेजारी बसेन.