स्पोर्ट्स कारचे टायर: फोन काढा, आधी कोड वाचा

मित्राने सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. पहिल्याच पावसात कर्जतहून चौकला येताना वळणावर गाडी घसरली, थोडक्यात वाचलो. टायरची नक्षी तर मस्त दिसत होती! मग चुकलं कुठे?

मोबाईलचा टॉर्च लावून टायरच्या बाजूचा फोटो काढला. ‘डॉट’ कोडचे शेवटचे चार आकडे होते १४१६, म्हणजे २०१६ चा १४ वा आठवडा. टायर झिजला नव्हता, पण रबर वयाने कडक झालं होतं.

नवे घेताना तीन गोष्टी बघा:

स्पीड रेटिंग: व्ही म्हणजे ताशी २४० किमी, डब्ल्यू २७०, वाय ३००. खालापूरवरून जाणाऱ्या एक्सप्रेसवेवर कारची मर्यादा १०० आहे. त्यामुळे फक्त अक्षरावर भाळू नका. पण कंपनीने सांगितलेल्या रेटिंगच्या खालीही जाऊ नका.

ट्रेडवेअर आकडा: मऊ रबर रस्ता घट्ट पकडतं, पण लवकर झिजतं. साधारणपणे आकडा कमी असेल, तर आयुष्यही कमी.

खाचा: खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत टायर झिजला, की खोली उरते १.६ मिमी. ही कायद्याची शेवटची हद्द. आपल्याकडच्या पावसात ३ मिमीलाच बदललेला बरा, कारण पाणी बाहेर फेकायचं काम खाचाच करतात.

दुकानात ‘नवा’ टायर मिळाला तरी बिलाआधी कोडचा फोटो काढा.