फळीवरून पायांवर : कंबरदुखीची नव्वद वर्षे

१९८३ च्या पावसाळ्यात आई नळाखालची भरलेली बादली उचलायला वाकली आणि तशीच राहिली. उसण भरली होती. आजीने गल्लीतल्या एका पायाळू मुलाला बोलावलं, त्याचा पाय आईच्या कमरेला तीनदा लावला आणि म्हणाली, "ऊठ आता, हळूहळू चालायला लाग." आई भिंत धरून चार पावलं चाललीही. पण दुसऱ्या दिवशी एक्स-रे निघाला, "मणक्यात गॅप आहे" असं निदान झालं आणि अंथरुणाखाली लाकडी फळी आली. तीन आठवडे आई त्या फळीवर उताणी होती. उठली तेव्हा तिच्या पोटऱ्या सैल पडल्या होत्या, न्हाणीघरापर्यंत जाताना पाय लटपटत होते. पुढची वीस वर्षं तिने कमरेचा पट्टा सोडला नाही आणि खाली पडलेला चमचाही स्वतः वाकून उचलला नाही.

डॉक्टरांनी मनाचं काही केलं नव्हतं. त्या काळी जगभर हाच उपचार होता. तो कुठून आला आणि कसा मागे पडला, हे आज शोधायला गेलं की नव्वद वर्षं मागे जावं लागतं.

१९३४ साली बोस्टनमधल्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोन शल्यविशारदांनी एक निबंध प्रसिद्ध केला. दोन मणक्यांमधली चकती फाटते, तिच्यातला मऊ गर बाहेर येतो आणि नसेवर दाब पडतो, हे त्यांनी शस्त्रक्रियेतून दाखवून दिलं. आयुर्वेद जिला गृध्रसी म्हणतो आणि आपण सायटिका म्हणतो, त्या पायात उतरणाऱ्या कळेचं एक ठोस कारण हाती आलं. शोध मोलाचा होता. पण त्यानंतर प्रत्येक दुखऱ्या कमरेत सरकलेली गादी शोधली जाऊ लागली. खरं तर दहापैकी नऊ जणांच्या कंबरदुखीत अमुकच एका मणक्याकडे किंवा चकतीकडे बोट दाखवता येत नाही. तरीही पाठीचा कणा म्हणजे बिघडणारं यंत्र, आणि बिघडलेलं यंत्र हलवायचं नाही, ही समजूत घट्ट झाली. फळी, वजनं लावून ताण देणं आणि पट्टा हे सगळं त्या समजुतीवरच टिकून राहिलं.

या समजुतीला एक धक्का कंबरदुखीच्या नव्हे, क्षयाच्या अभ्यासातून बसला. क्षयाने मणके पोखरलेल्या रुग्णांना पूर्वी महिनोन्महिने खिळवून ठेवत. कोरियातल्या मसान इथे काही रुग्णांना इस्पितळात झोपवून, तर काहींना घरी हिंडतं-फिरतं ठेवून तीच औषधं दिली गेली. १९७३ साली निष्कर्ष आला : झोपवून ठेवल्याने जास्तीचा फायदा काही नाही. बरं करत होती ती औषधं.

साध्या कंबरदुखीचा निकाल लागायला आणखी तेरा वर्षं गेली. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस, तर काहींना सात दिवस विश्रांती सांगितली. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले, बाकी बरं होण्यात फरक नव्हता. १९९५ साली फिनलंडमधला अभ्यास त्याच्याही पुढे गेला. जे झेपेल तेवढी रोजची कामं करत राहिले, तेच सर्वांत लवकर सावरले. आईची फळी तोवर माळ्यावर गेली होती.

दरम्यान एमआरआय आला आणि भीतीला चित्र मिळालं. १९९४ साली कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून अधिक जणांच्या चकत्या कुठे ना कुठे फुगलेल्या निघाल्या. केस पिकावेत तशा चकत्याही वयाबरोबर झिजतात. आपल्याकडच्या 'गॅप'चंही तसंच. दोन मणक्यांमध्ये जागा असतेच. तिथे चकती बसलेली असते, पण साध्या एक्स-रेत ती दिसत नाही. वयाबरोबर ही जागा वाढत नाही, उलट कमी होते. पण त्या एका शब्दाने किती बायाबापड्यांचं वाकणं, मांडी घालून बसणं, नातवंडाला उचलणं बंद केलं!

ग्लासगोचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॉडेल यांनी आधीच सांगितलं होतं की दुखण्याइतकीच दुखण्याची भीतीही माणसाला लुळं करते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने ते मनावर घेतलं. १९९७ पासून टीव्हीवर जाहिराती करून लोकांना सांगितलं : कंबर दुखतेय म्हणून पडून राहू नका. लोकांचे समज बदलले, डॉक्टरांचेही बदलले आणि पाठदुखीपोटी येणारे भरपाईचे दावे घटले.

शस्त्रक्रियेची जागाही आता नेमकी झाली आहे. नेदरलँड्समध्ये २००७ साली तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांवर अभ्यास झाला : काहींची लवकर शस्त्रक्रिया केली, काहींना आधी थांबवलं. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के रुग्ण बरे होते. थांबलेल्यांपैकी काहींना पुढे शस्त्रक्रिया लागली, बहुतेकांना लागली नाही. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर एक दिवसही घालवू नये. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, तर आपल्या देशात क्षयाची शंका आधी घ्यावी.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम करा, दुखणं समजून घ्या, हे त्यात आहे. पट्टा आणि ट्रॅक्शन सरसकट देऊ नका, हेही आहे. आईचा पट्टा अजून कपाटात आहे. ती सूचना वाचली त्या रात्री मी तो हातात घेऊन बराच वेळ बसलो.

गेल्या वर्षी माझ्या कमरेत उसण भरली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाय उचलून पाहिले, अंगठ्यातली ताकद पाहिली, चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "काही मोडलेलं नाहीये काका. दुखेल, पण चालत राहा." दाराच्या चौकटीला धरून उठलो आणि आजी आठवली. त्या पायाळू पोराच्या पायात औषध नव्हतं. औषध आजीच्या पुढच्या वाक्यात होतं. ते तिला कुठल्या अभ्यासाने शिकवलं नव्हतं, आणि ते पुन्हा ऐकायला आमच्या घराला चाळीस वर्षं लागली.