‘इन्सेक्ट’ शब्दाचें कूळ

दिवाळीच्या सुमारास किल्लारीच्या काळ्या रानांत तूर फुलोऱ्यावर येते. त्या वेळीं एकाच झाडावर तीन निरनिराळे जीव आढळूं शकतात. मधमाशी फुलाफुलांतून मकरंद वेंचीत असते. घाटेअळी कोंवळ्या शेंगा पोखरीत असते. आणि एक बारीक गांधीलमाशी त्या अळीच्याच अंगांत अंडें घालीत असते. अंड्यांतून निघालेलें पिल्लू अळीला आंतून खाऊन टाकतें. या तिघांनाहि इंग्रजींत ‘इन्सेक्ट’ हें एकच नांव आहे. शत्रु आणि मित्र एका नांवाखालीं कसे आले, हें समजण्यासाठीं त्या शब्दाचें कूळ पाहिलें पाहिजे.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यानें प्राण्यांचे वर्ग पाडले. मुंगी, माशी, मधमाशी यांच्या अंगावर जागोजाग खांचा असतात, हें पाहून त्यानें त्यांस ‘एंटोमा’, म्हणजे खांचा पडलेले जीव, असें म्हटलें. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें पुढें ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकांत त्याच अर्थाचा ‘इन्सेक्टा’ हा लॅटिन शब्द वापरला. त्याच्या मुळाशीं ‘कापणें’ या अर्थाचा धातु आहे. १६०१ सालीं फिलेमन हॉलंड यानें प्लिनीच्या सृष्टिविषयक ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, आणि त्याच सुमारास हा शब्द इंग्रजींत आला. प्रारंभीं त्याचा अर्थ बराच सैल होता. १७५८ सालीं स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनियस यानें ‘इन्सेक्टा’ वर्गांत कोळी, विंचू व खेंकडेहि घातले होते. सहा पाय आणि डोकें, छाती व पोट असे तीन भाग असलेल्या जीवांपुरताच तो पुढें मर्यादित झाला.

म्हणजे इंग्रजी शब्दानें जीवाची बांधणी पाहिली. उपद्रव पाहिला नाहीं. मराठीची वाट निराळी. संस्कृत ‘कीट’ शब्दापासून मराठींत ‘किडा’ व ‘कीड’ हे शब्द आले. कीड पिकाला लागते, धान्याला लागते, दांतालाहि लागते. त्या शब्दांत नासाडीचा अर्थ भरलेला आहे. मधमाशीला कोणी कीड म्हणत नाहीं. शास्त्रीय लेखनांत रूढ असलेला ‘कीटक’ हा प्रतिशब्द मात्र तिन्ही जीवांना लागू पडतो.

हा भेद केवळ शब्दांपुरता नाहीं. ‘कीटकनाशक’ हें नांव बहुतेक औषधांच्या बाबतींत अक्षरशः खरें ठरतें. घाटेअळीबरोबर मधमाशी मरते आणि गांधीलमाशीहि मरते. मग उरलेल्या अळ्यांना रान मोकळें सांपडतें. म्हणून कृषितज्ज्ञ प्रथम झाडावरील अळ्या मोजण्यास सांगतात. मादीच्या गंधानें नर पतंगांना ओढून घेणारे कामगंध सापळे, अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांसाठीं शेतांत रोंवलेले थांबे आणि ५ टक्के निंबोळी अर्क हे उपाय आधीं करावयाचे असतात. नुकसान ठराविक पातळीपलीकडे गेलें, तरच तीव्र औषधाची फवारणी करावयाची, आणि तीहि मधमाशा परतल्यावर, संध्याकाळीं. डब्यावर ‘कीटक’ असें छापलेलें असलें, तरी फवारा हातीं घेणारानें ‘कीड’ तेवढी ओळखून काढली पाहिजे.