परसबाग : पाणी मोरीचं, बियाणं घरचं

मागचं दार उघडून एकदा परसात नजर टाका. मोरीचं पाणी कुठं जातं? पुष्कळ ठिकाणी ते गल्लीत साचतं, डास होतात आणि ग्रामपंचायतीत तक्रारी येतात. याच पाण्यावर आपल्या आज्या-पणज्यांनी घरची भाजी पिकवली. पाणी उतरतं तिथं अळू आणि केळ, कुंपणाला शेवगा, छपरावर दुधी नाहीतर डांगर, मांडवावर वाल आणि दोडका. कुणी याला हौस म्हणेल. पण हौसेबरोबर घराचं ताटही यातूनच भरत होतं.

पुढे शेत नगदी पिकाखाली गेलं, घरं स्लॅबची झाली, छपरावरचे वेल उतरले. भाजी आठवडी बाजारातून येऊ लागली. पैसा गेला तो गेलाच, पण त्याहून मोठं नुकसान बियाण्याचं झालं. वेल लावला नाही की बी धरलं जात नाही आणि मडक्यातलं बी काही वर्षं तसंच राहिलं की त्याची उगवण जाते. मग आजीच्या हातचा तो वाल पैसे मोजूनही मिळत नाही.

हे वेळीच ओळखलं अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या राहीबाई पोपेरे यांनी. कोंभाळणे गावच्या या बाईंनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण वाल, घेवडा, भात, पालेभाज्या यांची गावठी वाणं जमवून त्यांनी घरी बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सुरुवात झाली ती घरच्या बियाण्यापासूनच.

तुम्हालाही हे जमेल. वीस फूट लांब-रुंद जागा सुरुवातीला पुरे. वाल आणि घेवडा यांचं बी धरायला सोपं, कारण त्यांच्यात सहसा भेसळ होत नाही. चांगल्या वेलावरच्या निरोग्या शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात. बी सावलीत नीट सुकवून, राख मिसळून मडक्यात ठेवावं. भोपळा, काकडी, दोडका यांचं तसं नाही. मधमाशी एका वेलाचा पराग दुसऱ्यावर नेते. म्हणून वस्तीवर शक्यतो एका भाजीचं एकच वाण लावावं. कडू निघालेल्या दुधीचं बी धरू नये आणि तो दुधी खाऊही नये. त्याने विषबाधा होते. भाजी चिरताना आधी तुकडा चाखून पाहावा, कडू लागला तर थुंकून टाकावा. साबणाचं पाणी केळीला चालेल, पण मेथी-कोथिंबिरीवर सोडू नये.

संकरित बियाण्याच्या पाकिटावर ‘एफ-१’ लिहिलेलं असतं. त्याचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर पीक सारखं येत नाही. उत्पन्नासाठी ते शेतात जरूर लावा, पण परसात गावठी वाण राहू द्या. बी राखणं, पेरणं, शेजाऱ्याला देणं, इतकंच काय विकणंसुद्धा हा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे. संरक्षित वाणाचं बी मात्र ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनाही एक विनंती. सांडपाण्यासाठी शोषखड्डे घेताच आहात, त्याच्या कडेला चार केळी लावून घ्या. शाळा-अंगणवाडीच्या आवारात परसबाग करा. महिला बचत गटाच्या बैठकीत एकदा नुसतं विचारा, कुणाकडे कुठलं बी आहे? वहीत नावं लिहून घ्या. गावात म्हाताऱ्या बायका आहेत तोवरच ही यादी होईल. मृगाला अजून अवकाश असला तरी बी शोधायला आजच निघावं लागेल.